सरकार आणि मजहब : संविधानाने रेष कुठे ओढली आहे?

शाळेच्या परिपाठात आमच्या मुलीने हात जोडलेच पाहिजेत का? मशिदीच्या ट्रस्टचा हिशेब धर्मादाय आयुक्तांना कशाला दाखवायचा? जिल्हा परिषद जत्रेवर पैसा खर्च करते, ते चालते का? वक्फ बोर्डावर कोण बसणार हे सरकारने का ठरवावे? लोहा, कंधार, अहमदपूर भागातले पालक आणि मशिदींचे ट्रस्टी आम्हा शिक्षकांना असे प्रश्न विचारतात. मास्तर काही वकील नसतो. पण नागरिकशास्त्र आम्ही वर्गात शिकवतो, उर्दू आणि मराठी दोन्ही कागद वाचू शकतो, म्हणून लोक हक्काने विचारतात.

या सगळ्या प्रश्नांचे मूळ एकच आहे. धर्माच्या बाबतीत सरकारचा हात कुठपर्यंत जाऊ शकतो आणि कुठे थांबला पाहिजे? संविधानाने याचे उत्तर कलम २५ ते २८ मध्ये दिले आहे आणि गेल्या सत्तर वर्षांत न्यायालयांनी ते उलगडून सांगितले आहे. ते निकाल वाचताना एक गोष्ट लक्षात येते. आज मुसलमान पालक किंवा ट्रस्टी ज्या संरक्षणावर विसंबून असतो, त्यातले बरेचसे दुसऱ्या समाजांनी लढवलेल्या खटल्यांतून आले आहे. कुठे जैन, कुठे पारशी, कुठे मठाचे स्वामी, कुठे केरळमधली तीन ख्रिस्ती मुले. त्यामुळे ही रेष समजून घ्यायची तर नुसते आपल्या मशिदीकडे बघून भागत नाही.

निजामाच्या राज्यातला धडा

आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या राज्यात 'उमूर-ए-मजहबी' नावाचे सरकारी खाते होते. मशिदी, देवळे, त्यांच्या इनाम जमिनी, सण आणि मिरवणुका यांवर त्या खात्याची नजर असे. नवे प्रार्थनास्थळ बांधायचे किंवा जुने दुरुस्त करायचे तर परवानगी काढावी लागे. राज्यातून मशिदींबरोबर देवळांनाही इनाम होते, हे खरे. पण परवानगी देणारा एका धर्माचा आणि मागणारा दुसऱ्या धर्माचा असला की मनात सल राहतेच. आर्य समाजाने १९३८-३९ मध्ये याच संस्थानात धार्मिक स्वातंत्र्यासाठी सत्याग्रह केला, हजारो लोक तुरुंगात गेले.

हा इतिहास आपल्या घरात फारसा सांगितला जात नाही. सांगायला हवा. राज्यकर्ता आपल्या धर्माचा असला तेव्हा सरकारी हात खटकत नाही, आणि तो दुसऱ्या धर्माचा असला की तोच हात गळ्याशी आल्यासारखा वाटतो. संविधान सभेने म्हणूनच हा हात राज्यकर्त्याच्या मर्जीवर सोडला नाही. सत्ता कोणाचीही असो, रेष तीच राहावी अशी व्यवस्था केली. १७ सप्टेंबर १९४८ नंतर मराठवाडा भारतात आला आणि २६ जानेवारी १९५० पासून तीच रेष इथेही लागू झाली.

चार कलमे साध्या भाषेत

कलम २५ प्रत्येक व्यक्तीसाठी आहे. कोणत्याही माणसाला आपली श्रद्धा बाळगण्याचा, ती उघड सांगण्याचा, तिच्याप्रमाणे वागण्याचा आणि तिचा प्रचार करण्याचा हक्क आहे. त्यावर सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांची मर्यादा आहे. शिवाय धर्माशी जोडलेल्या आर्थिक, राजकीय किंवा इतर ऐहिक व्यवहारांचे नियमन सरकार करू शकते, आणि समाजसुधारणेसाठी कायदा करू शकते.

कलम २६ हे जमातींसाठी आणि पंथांसाठी आहे. त्यात चार हक्क आहेत : धार्मिक व धर्मादाय संस्था काढणे आणि चालवणे, धर्माच्या बाबतीत आपला कारभार आपण पाहणे, मालमत्ता बाळगणे, आणि ती मालमत्ता कायद्याप्रमाणे सांभाळणे. या शेवटच्या हक्कातले 'कायद्याप्रमाणे' हे शब्द लक्षात ठेवा. पुढचे अर्धे वाद याच शब्दांवर झाले आहेत.

कलम २७ कराबद्दल आहे. एखाद्या विशिष्ट धर्माच्या वाढीसाठी किंवा देखभालीसाठी राखून ठेवलेला कर देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही.

कलम २८ शाळेबद्दल आहे. जी शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालते तिथे धार्मिक शिक्षण देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षण किंवा उपासना होत असेल, तर विद्यार्थ्यावर सक्ती करता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते.

याच्या जोडीला कलम १४ आणि १५ आहेत, म्हणजे कायद्यापुढे सगळे समान आणि धर्मावरून भेदभाव नाही. 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द उद्देशिकेत १९७६ साली ४२ व्या घटनादुरुस्तीने आला, पण ही कलमे पहिल्या दिवसापासून आहेत. १९९४ च्या बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मनिरपेक्षता हा संविधानाच्या मूळ चौकटीचा भाग मानला.

इबादत समाजाची, हिशेब कायद्याचा

महाराष्ट्रातल्या ट्रस्टींनी सगळ्यात आधी समजून घ्यावा असा निकाल १९५४ चा आहे. मुंबई राज्याने १९५० साली सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा केला. आज धर्मादाय आयुक्त कार्यालय चालते ते याच कायद्याखाली. एका जैन देवस्थानाचे व्यवस्थापक रतिलाल पानाचंद गांधी आणि मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्त यांनी त्याला आव्हान दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती बी. के. मुखर्जी यांनी १८ मार्च १९५४ रोजी दिलेला निकाल आजही पायासारखा आहे.

निकालाचा पहिला भाग सरकारच्या बाजूचा आहे. ट्रस्टची नोंदणी, हिशेब, लेखापरीक्षण ही धर्मात ढवळाढवळ नव्हे. ट्रस्टकडून घेतली जाणारी वर्गणी ही देखरेखीच्या खर्चासाठीची फी आहे, धर्मावरचा कर नाही. म्हणून कलम २७ आडवे येत नाही.

दुसरा भाग समाजाच्या बाजूचा आहे. धार्मिक ट्रस्टवर खुद्द धर्मादाय आयुक्तालाच विश्वस्त म्हणून बसवण्याची तरतूद न्यायालयाने रद्द केली. ट्रस्टचा पैसा मूळ दात्याच्या हेतूपासून दुसरीकडे वळवण्याची जी मोकळीक कायद्याने दिली होती, तीही काढून टाकली. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे : कारभार कसा करावा याचे नियम कायदा घालू शकतो, पण कारभाराचा हक्कच जमातीच्या हातातून पूर्ण काढून दुसऱ्या कोणाकडे सोपवू शकत नाही.

त्याच वर्षी कर्नाटकातल्या उडुपीजवळच्या शिरूर मठाच्या स्वामींच्या खटल्यात न्यायालयाने आणखी एक पायरी पुढे टाकली. धर्म म्हणजे फक्त मनातली श्रद्धा नव्हे, विधी आणि आचारही त्यात येतात, आणि कोणता आचार धर्माचा गाभा आहे हे त्या धर्माच्या शिकवणीवरून ठरवायचे. पुढे 'अत्यावश्यक धार्मिक प्रथा' ही जी कसोटी सगळीकडे ऐकू येते, तिचे बीज या निकालात आहे.

म्हणून एखादा ट्रस्टी जेव्हा म्हणतो की मशीद अल्लाहचे घर आहे, तिचा हिशेब सरकारने का मागावा, तेव्हा आम्ही त्याला हाच निकाल सांगतो. नमाजची वेळ, इमामाची निवड, खुत्ब्याचा विषय हे धर्माचे काम, तिथे अधिकारी बोलू शकत नाही. दुकानगाळ्यांचे भाडे, देणगीची पावती, बँकेतली शिल्लक हे ऐहिक काम, ते दाखवावेच लागते. दाखवलेले बरेही. ज्या ट्रस्टची वही चोख आहे त्याच्या कारभारात हात घालायला कोणालाही सबब मिळत नाही.

अजमेर, पंढरपूर, चिदंबरम

या रेषेची परीक्षा वेगवेगळ्या ठिकाणी झाली. अजमेरच्या ख्वाजासाहेबांच्या दर्ग्यासाठी केंद्राने १९५५ मध्ये कायदा केला आणि सरकारने नेमलेल्या समितीकडे कारभार दिला. समितीचे सदस्य हनफी मुस्लिम असावेत अशी अट त्या कायद्यात आहे. खादिमांनी आव्हान दिले. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा टिकवला. कारण असे दिले की या मालमत्तेचा कारभार त्या जमातीच्या हातात पूर्वीही कधी नव्हता, मग तो काढून घेतला असे कसे म्हणता येईल? यातला धडा ट्रस्टींसाठी आहे. कारभाराचा हक्क टिकवायचा तर तो कागदोपत्री चालवलेला असावा लागतो.

पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात बडवे आणि उत्पात घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क होते. चौकशी आयोगाच्या अहवालानंतर महाराष्ट्राने १९७३ चा पंढरपूर मंदिरे कायदा करून ते संपवले. जवळजवळ चाळीस वर्षे खटला चालला आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडव्यांचा दावा फेटाळला. आज तिथे सरकारने नेमलेली समिती कारभार पाहते.

त्याच महिन्यात त्याच न्यायालयाने तमिळनाडूतल्या चिदंबरमच्या नटराज मंदिराबाबत वेगळा निकाल दिला. तिथे दीक्षितर हा स्वतंत्र पंथ मानला गेला. न्यायालयाने सांगितले की गैरकारभार झाला तर सरकार तात्पुरता ताबा घेऊ शकते, मात्र बिघाड दुरुस्त झाला की कारभार परत द्यावा लागतो. अमर्याद काळ सरकार बसून राहू शकत नाही. मशिदीवर किंवा दर्ग्यावर प्रशासक नेमला गेला तर हा निकाल ट्रस्टींच्या हाताशी असायला हवा.

नांदेडचा गुरुद्वारा : आपल्या दारातले उदाहरण

याचे सगळ्यात जवळचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. त्याचा कारभार १९५६ च्या कायद्याने चालतो. हा कायदा हैदराबाद राज्याने केला आणि त्याच वर्षी मराठवाडा मुंबई राज्यात आला. कायद्याने गुरुद्वारा बोर्ड तयार झाले. त्यात निवडून आलेले, शीख संस्थांनी पाठवलेले आणि सरकारने नेमलेले असे वेगवेगळे सदस्य.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नव्या कायद्याला मंजुरी दिली. त्यात १७ पैकी १२ सदस्य सरकारने नेमायचे, ३ निवडून यायचे आणि २ शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीचे, अशी रचना होती. नांदेडमध्ये शीख समाज रस्त्यावर उतरला, अमृतसरहूनही विरोध झाला. मग सरकारने तो विषय स्थगित ठेवला.

शीख समाजाचा आक्षेप नेमका काय होता ते बघा. हिशेब दाखवायला त्यांची ना नव्हती. बोर्डावर बहुमत कोणाचे, हा त्यांचा प्रश्न होता. सरकारने नेमलेल्या माणसांचे बहुमत झाले तर नाव समाजाचे आणि कारभार मंत्रालयाचा, असे होईल ही भीती होती. १९५४ च्या निकालातली रेष अगदी तीच आहे.

त्या वेळी आपल्या लोकांपैकी काहींनी हा शिखांचा अंतर्गत मामला म्हणून लक्ष दिले नाही. वर्षभरात तोच प्रश्न आपल्या दारात आला.

वक्फ कायद्याचा वाद

मराठवाड्यात वक्फच्या जमिनी मोठ्या प्रमाणात आहेत. निजामकाळात मशिदी, दर्गे, कब्रस्तान, इदगाह यांच्या सेवेसाठी इनाम दिलेल्या जमिनी हे त्याचे मोठे कारण. महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे मुख्यालयही औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला आहे.

१९९५ च्या वक्फ कायद्यात एप्रिल २०२५ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. देशभरातून याचिका दाखल झाल्या. १५ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला. संपूर्ण कायद्याला स्थगिती मिळाली नाही, पण काही तरतुदी थांबल्या. वक्फ करणाऱ्याने किमान पाच वर्षे इस्लामचे पालन केलेले असावे ही अट, त्याबाबतचे नियम होईपर्यंत थांबली. जमीन सरकारी की वक्फची हे सरकारी अधिकाऱ्याने ठरवण्याची तरतूद थांबली, कारण मालकीचा निवाडा करणे हे अधिकाऱ्याचे काम नाही. केंद्रीय वक्फ परिषदेच्या २२ सदस्यांत बिगरमुस्लिम ४ पेक्षा जास्त नसावेत आणि राज्य मंडळाच्या ११ मध्ये ३ पेक्षा जास्त नसावेत, असेही न्यायालयाने सांगितले. नोंदणीची सक्ती मात्र थांबवलेली नाही.

इथेही रेष तशीच आहे. नोंदणी करा हे सरकार सांगू शकते. पण स्वतःच दावेदार असलेल्या सरकारच्या अधिकाऱ्याने निवाडाही स्वतःच द्यावा, हे चालत नाही. हा आदेश अंतरिम आहे, अंतिम निकाल वेगळा येऊ शकतो. तोपर्यंत मुतवल्लींनी सातबारा, मुंतखब, जुनी सनद, गॅझेटची प्रत हे कागद एकत्र करून नोंदणी पूर्ण ठेवावी. कित्येक सनदा उर्दू-फारसीत आहेत. घरातले म्हातारे वाचू शकतात तोवर त्या वाचून घ्याव्यात.

कराचा पैसा : हज, माळेगाव आणि गुजरात

कलम २७ बद्दल आपल्याकडे गैरसमज खूप आहेत. हज अनुदानाविरुद्ध हेच कलम पुढे करून याचिका झाली होती. जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. एखाद्या कराचा मोठा हिस्सा एका धर्मावर खर्च होत असेल तरच कलम २७ मोडते, किरकोळ हिश्शाने नाही, असे न्यायालय म्हणाले. मे २०१२ मध्ये मात्र दुसऱ्या प्रकरणात न्यायालयाने हे अनुदान दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितले. सरकारने ते जानेवारी २०१८ मध्येच बंद केले. आपल्या समाजातल्या अनेक जाणत्या लोकांनीही ते बंद व्हावे असेच म्हटले होते. ज्याची ऐपत आहे त्याच्यावरच हज फर्ज आहे, मग सरकारच्या पैशाचा आधार कशाला, हा त्यांचा मुद्दा होता.

आता आपल्या तालुक्यातले उदाहरण घ्या. माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. घोडे, गाढवे, उंटांचा बाजार, कुस्त्या, कृषी प्रदर्शन, लावणी महोत्सव असे तिचे रूप आहे. आयोजन नांदेड जिल्हा परिषद करते. हा सरकारी पैसा धर्मावर खर्च झाला का? पाणी, दिवे, दवाखाना, जनावरांचे डॉक्टर, पोलीस बंदोबस्त हा खर्च जमलेल्या माणसांसाठी आणि जनावरांसाठी असतो. बाजारात सगळ्या जातीधर्मांचे लोक धंदा करतात. असा खर्च कलम २७ मध्ये येत नाही. नांदेडमध्ये २००८ साली गुरु-ता-गद्दीला ३०० वर्षे झाली, तेव्हा शहरात झालेल्या रस्त्यांचेही तसेच. त्या रस्त्यावरून आपणही जातो.

मात्र याच न्यायाने कंधारच्या दर्ग्याच्या उर्साला, इदगाहच्या रस्त्याला, कब्रस्तानच्या भिंतीला आणि नळाला सुविधा मागण्याचा आपला हक्क आहे. इथे कलम १४ आणि १५ कामाला येतात. सुविधा द्यायची तर सगळ्यांना एका मापाने. नगर परिषदेकडे अर्ज करताना 'आमच्या धर्माला मदत द्या' असे लिहू नये. 'या ठिकाणी इतके नागरिक येतात, त्यांना पाणी, दिवे, रस्ता हवा' असे लिहावे. शब्द बदलला की कायद्याची बाजू बदलते.

कलम २७ आपल्या विरुद्धही गेले आहे. गुजरातमध्ये २००२ च्या दंगलीत मोडलेल्या दर्गे-मशिदींच्या दुरुस्तीचा खर्च सरकारने द्यावा असा आदेश तिथल्या उच्च न्यायालयाने दिला होता. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि राज्याची जास्तीत जास्त ५०,००० रुपये मदतीची योजना मान्य केली. निकाल अनेकांना कडू वाटला, पण तो माहीत असायला हवा.

शाळेचा परिपाठ : कलम २८

आता पालकांचा प्रश्न. जिल्हा परिषदेची शाळा पूर्ण सरकारी पैशावर चालते. तिथे कोणत्याही धर्माचे शिक्षण देता येत नाही. हे मराठी शाळेला लागू आहे तसेच जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेलाही लागू आहे. तिथे दीनियातचा तास ठेवता येत नाही. आपल्याकडे हे कोणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

धर्मांविषयी माहिती देणे वेगळे. २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वेगवेगळ्या धर्मांची ओळख आणि मूल्ये शिकवणे म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे. पाठ्यपुस्तकात संत तुकाराम असतील, बुद्ध असतील, पैगंबरांची माहिती असेल, तर तो अभ्यास आहे. मुलाने तो करायलाच हवा.

सक्तीचा प्रश्न आला की दोन निकाल महत्त्वाचे. केरळमध्ये १९८५ साली यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथातल्या तीन मुलांना शाळेतून काढले. राष्ट्रगीताच्या वेळी ती अदबीने उभी राहत, पण गात नसत. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. अदबीने उभे राहणे हा आदर आहे, ओठ हलवण्याची सक्ती नाही. ही सवलत उभे राहण्यातून मिळालेली नाही, हेही लक्षात ठेवा. राष्ट्रगीताचा मान राखणे प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

दुसरा निकाल आपल्या राज्यातला. नाशिकच्या एका अनुदानित शाळेतल्या शिक्षकाने परिपाठात प्रार्थनेच्या वेळी हात जोडले नाहीत, म्हणून त्यांची वेतनश्रेणी अडवली गेली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की हात जोडण्याची सक्ती हा मूलभूत हक्काचा भंग आहे. शिक्षकाला लागू झाले ते विद्यार्थ्याला का लागू होऊ नये?

सरकारी शाळेत संस्कृत प्रार्थना घेणे हे धार्मिक शिक्षण ठरते का, हा प्रश्न केंद्रीय विद्यालयांच्या प्रकरणातून जानेवारी २०१९ मध्ये मोठ्या पीठाकडे पाठवला गेला. हिजाबबाबत कर्नाटकच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२२ मध्ये दोन न्यायमूर्तींचे मत विरुद्ध पडले आणि तोही विषय मोठ्या पीठाकडे गेला. म्हणजे शाळेच्या दारातली रेष अजून पूर्ण आखून झालेली नाही.

अल्पसंख्याकांच्या अनुदानित शाळेत दीनियात चालते, कारण कलम ३० ने संस्था चालवण्याचा हक्क दिला आहे. पण तिथे हिंदू किंवा बौद्ध मूल शिकत असेल तर पालकाच्या संमतीशिवाय त्याला बसवता येत नाही. मदरशांबाबत नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशचा मदरसा कायदा टिकवला, फक्त कामिल-फाजिल या उच्च पदव्यांचा भाग रद्द केला. महाराष्ट्रात डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेचा पैसा गणित, विज्ञान, मराठी, इंग्रजी शिकवण्यासाठी असतो. दीनी तालीमचा खर्च समाजानेच करायचा.

सरकार जिथे बोलू शकते

काही ठिकाणी सरकारला बोलण्याचा अधिकार आहे, हे मान्य करायला हवे. भोंग्याचा नियम हे रोजचे उदाहरण. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. अजान देणे हा धर्माचा भाग आहे, भोंगा नाही, असे न्यायालये सांगत आली आहेत. हाच नियम मिरवणुकीतल्या डीजेलाही आहे. एका ठिकाणी लावला आणि दुसऱ्या ठिकाणी सोडला तर तक्रार भेदभावाची करावी, नियमाची नाही.

सुधारणेचा प्रश्न अवघड आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये जमातीतून बहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरांच्या सय्यदनांनी आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो रद्द केला. धर्माची शिस्त राखण्यासाठी बहिष्कार हा पंथाचा अंतर्गत अधिकार मानला गेला. बोहरा समाजातल्याच सुधारणावाद्यांनी तो निकाल बदलावा म्हणून दाद मागितली. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते प्रकरण नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे पाठवले गेले. दरम्यान महाराष्ट्राने २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला. जमातीचा हक्क मोठा की जमातीतल्या एकट्या माणसाचा, हा खरा पेच आहे. कलम २६ जमातीला जपते, कलम २५ त्या एकट्याला. आपल्या मोहल्ल्यात कोणाला मशिदीतून किंवा कब्रस्तानातून अडवताना हे ध्यानात असू द्या.

अडचण आली तर

पालकांनो, शाळेत सक्ती झाली तर फाटकापाशी भांडू नका. मुख्याध्यापकांना साधा अर्ज लिहा : कलम २८ (३) प्रमाणे आमच्या पाल्याला धार्मिक उपासनेत भाग घेण्यास आमची संमती नाही, तो शांतपणे व अदबीने उभा राहील. अर्जाची पोच घ्या. उत्तर नाही आले तर शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडा, मग गटशिक्षणाधिकारी. बहुतेक प्रकरणे इथेच मिटतात, कारण बऱ्याच शाळांत हट्टापेक्षा अज्ञान जास्त असते.

ट्रस्टींनी वार्षिक हिशेब वेळेवर दाखल करावा आणि विश्वस्त बदलला की नोंद करावी. वक्फची मालमत्ता असेल तर मंडळाचे कागद अद्ययावत ठेवावेत. नोटीस आली तर ती घडी घालून कपाटात ठेवू नये, मुदतीत लेखी उत्तर द्यावे.

तालुका विधी सेवा समितीकडून महिला, मुले, अपंग, अनुसूचित जाती-जमाती यांना मोफत वकील मिळतो, त्यांना उत्पन्नाची अट नाही. मूलभूत हक्काचा भंग असेल तर कलम २२६ खाली उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जाता येते. नांदेड आणि लातूर दोन्ही जिल्हे तिथेच येतात.

शेवटी एवढेच. जैन आणि पारशी ट्रस्टींनी १९५४ मध्ये जिंकलेला मुद्दा आज मशिदीच्या ट्रस्टच्या कामाला येतो. केरळच्या तीन मुलांचा निकाल लोह्यातल्या मुलीला आधार देतो. तसेच वक्फच्या याचिकांत जे ठरेल ते उद्या गुरुद्वाऱ्याला, देवस्थानाला आणि विहाराला लागू होईल. शेजारच्या समाजाच्या कारभारात सरकारी हात रेष ओलांडत असेल तर त्याच दिवशी बोलावे. स्वतःवर वेळ आल्यावर बोललेले फार उशिराचे असते.